पूर्ण एक मिनिट

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की औषधाचं दुकान किंवा कॉलेज नव्हे, दवाखाना डोळ्यांपुढे येतो. १९४७ साली सुरू झालेलं हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. दुसरा दवाखाना ‘मेयो’. पाटीवर इंदिरा गांधींचं नाव लागून कितीतरी वर्षं झाली, पण ऑटोवाल्याला आजही व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचंच नाव सांगावं लागतं. ‘पोराला मेडिकलला नेलं’ हे वाक्य मौद्याच्या, काटोलच्या किंवा पार छिंदवाड्याच्या घरात उच्चारलं गेलं, की घरची माणसं पुढचं काही विचारत नाहीत, निघायच्या तयारीला लागतात.

अशा दवाखान्याच्या बालरुग्ण विभागात सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी एका खाटेशी उभी आहे. तिनं सात-आठ महिन्यांच्या बाळाचं झबलं वर केलं आहे आणि ती त्याच्या पोटाकडे टक लावून बघते आहे. एक डोळा मनगटावरच्या घड्याळावर. आई विचारते, “काय पाहून राहिल्या वो, सिस्टर?” सिस्टर उत्तर देत नाही. आईला वाटतं, मुलगी शिष्ट आहे.

मुलगी श्वास मोजते आहे. मोठ्या माणसाची छाती हलते, तान्ह्याचं पोट हलतं. शिवाय तान्ह्याच्या श्वासाला एक लय नसते. चार-पाच भराभर घेतो, मग जरा थांबतो. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची मोठ्यांच्या वॉर्डातली पळवाट इथं चालत नाही. पूर्ण एक मिनिट मोजावं लागतं, आणि तेही बाळ शांत असताना. रडत असेल तर आकडा खोटा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर तो जलद श्वास. खोकल्याबरोबर जलद श्वास म्हणजे न्यूमोनियाचा संशय. छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत खेचला जात असेल तर मामला आणखी गंभीर. चार वर्षांच्या पदवीतलं हे सगळ्यात स्वस्त कौशल्य. याला यंत्र लागत नाही, फक्त माणूस एक मिनिट गप्प उभा राहावा लागतो. गर्दीच्या वॉर्डात तेच महाग पडतं.

आता पदवीविषयी. आपल्याकडे बारावीनंतर थेट ‘बालपरिचर्ये’ची पदवी मिळत नाही. इंग्लंडात प्रवेश घेतानाच शाखा निवडावी लागते: प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य किंवा बौद्धिक अक्षमता. तिथं १९१९ च्या नोंदणी कायद्यातच आजारी मुलांच्या परिचारिकांची वेगळी यादी धरली होती. आपण उलट वाटेनं जातो. आधी सगळ्यांची नर्स व्हायचं, मग मुलांची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी, राज्याची सीईटी, मग चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. अभ्यासक्रम दिल्लीच्या भारतीय परिचर्या परिषदेचा, परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत. २०२१ पासून वर्षांऐवजी आठ सत्रं झाली. ‘चाइल्ड हेल्थ नर्सिंग’ पाचव्या आणि सहाव्या सत्रात येतं, म्हणजे तिसऱ्या वर्षी. शेवटच्या सत्राच्या इंटर्नशिपमध्ये पुन्हा काही आठवडे. मुलांचीच नर्स व्हायचं पक्कं असेल तर पदवीनंतर वर्षभराचा अनुभव घेऊन दोन वर्षांचं एम.एस्सी., किंवा नवजात बालकांच्या परिचर्येची एका वर्षाची पदविका.

ही उलटी वाट चुकीची आहे, असं मला वाटत नाही. ज्या देशात एकाच रात्रपाळीत एक सिस्टर बाळंतीण, तिचं बाळ आणि शेजारची भाजलेली बाई सांभाळते, तिथं सुरुवातीलाच कप्पे पाडणं परवडणारं नाही. अडचण पुढे येते. तिच्याकडे शेवटी वळू.

तिसऱ्या वर्षी मुली (आणि आता काही मुलंही, त्यांना वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणतात) मोठ्यांच्या वॉर्डातून लहानांच्या वॉर्डात येतात, तेव्हा पहिला धक्का गणिताचा बसतो. मोठ्या माणसाला तापाची एक गोळी दिली की झालं. मुलाला वजनावर. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं, तर १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. आता बाटल्या बघा. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५० आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १००. म्हणजे त्याच मुलाला, त्याच तापासाठी, पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ आणि तिसरीतून फक्त दीड. घरी आजीनं थेंबांच्या बाटलीतलं औषध ‘चमचाभर’ पाजलं, तर बाळाच्या पोटात तिपटीहून जास्त डोस जातो. बाटली लहान म्हणजे औषध सौम्य, असं घराघरांत समजतात. प्रत्यक्षात लहान बाटलीतलंच जास्त तीव्र असतं. सुटी देताना नर्सनं आईच्या हातात बाटली देऊन, झाकणावरची रेघ दाखवून, तिच्याकडूनच एकदा माप भरून घ्यायचं असतं. विद्यार्थिनीच्या लॉगबुकात यासाठी जेमतेम एक सही असते.

सलाईनचं गणित तर सुंदर आहे. मुलाला दिवसभरात किती पाणी लागेल? पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या १० किलोंना ५०. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १,००० आणि १०० मिळून १,१०० मिलिलिटर. चोवीस तासांत वाटले की तासाला साधारण ४६. मुलांसाठी जो बारीक थेंबांचा सेट वापरतात, त्यात ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तासाची मिनिटंही ६०. दोन्ही साठ एकमेकांना कापतात, आणि तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब. ४६ मिलिलिटर, ४६ थेंब. हे एकदा कळलं की मुली खूश होतात. पण मोठ्यांचा, २० थेंबांचा सेट चुकून लावला आणि मिनिटाला तेच ४६ थेंब सोडले, तर तिप्पट पाणी शरीरात जाईल. मोठा माणूस ते कदाचित सोसेल. १२ किलोचं मूल नाही.

हे सगळं गणित ज्या सुईतून वाहायचं, ती सुई शिरेत जाणं ही वेगळीच कथा. तान्ह्यांना २४ क्रमांकाची पिवळी कॅन्युला, अगदी लहानग्यांना २६ ची जांभळी. गुबगुबीत हातावर शीर दिसत नाही, बोटाला जाणवावी लागते. लागली की पुठ्ठ्याची पट्टी, वर कापूस, वर बँडेज, आणि बोटांची टोकं उघडी, रंग बदलतोय का हे दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळानं दातांनी सगळं सोडवलेलं असतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

या अभ्यासात बघण्याला काय किंमत आहे, ते सांगणारी एक गोष्ट इंग्लंडातली आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिकेकडे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग होता. उबदार दिवशी ती बाळांना अंगणात नेई. तिच्या लक्षात आलं, की कावीळ झालेल्या बाळाची उन्हात राहिलेली कातडी फिकी होते आणि दुपट्याखाली झाकलेली तशीच पिवळी राहते. तिनं भीतभीतच ते डॉक्टरांना दाखवलं. १९५८ मध्ये रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रकाशोपचारावर निबंध छापला. आज नवजात विभागात निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून पहुडलेली बाळं दिसतात, त्यांच्या उपचाराचा धागा त्या अंगणापर्यंत जातो. इथं आपल्या आज्या लगेच पुढे सरसावतील, की आम्ही कोवळ्या उन्हात बाळ धरत नव्हतो का? धरत होता. पण ऊन मोजून देता येत नाही, आणि नागपूरचं ऊन तर कोवळं किती मिनिटं राहतं हे एप्रिलात बाहेर पडून बघावं. वाढलेल्या काविळीला दिवाच हवा, आणि दिव्याखालच्या बाळाचं दूध, लघवी आणि ताप बघणारी नर्स हवी.

मुलांचा वॉर्ड शिकणाऱ्याला आणखी एका गोष्टीनं हैराण करतो: पेशंट बोलत नाही. बोलतो तेव्हाही सगळं खरं सांगत नाही. चार वर्षांच्या मुलाला ‘दुखतंय का?’ विचारलं, तर तो ‘नाही’ म्हणेल, कारण ‘हो’ म्हटलं की सुई येते, इतकं शहाणपण त्याला दोन दिवसांत आलेलं असतं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा इथं डोना वाँग ही परिचारिका आणि कॉनी बेकर या दोघींनी भाजलेल्या मुलांसोबत काम करताना यावर तोड काढली. सहा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. मुलानं बोट ठेवायचं. वाँग-बेकर मोजपट्टी म्हणून ती जगभर गेली, आणि वाँग यांच्या नावाचा बालपरिचर्येचा जाडजूड ग्रंथ आपल्या कॉलेजांच्या लायब्ररीतही असतो. ज्यांना चेहरेही कळत नाहीत, त्यांच्यासाठी रडणं, पाय आखडणं, कुशीत घेतल्यावर शांत होणं यांना गुण द्यायची दुसरी पद्धत आहे.

पण नागपूरच्या वॉर्डातली भाषेची गंमत पुस्तकात नाही. एका खाटेवर वऱ्हाडी, शेजारी बालाघाटची हिंदी, पलीकडे गडचिरोलीकडून आलेली गोंडी बोलणारी आई. पुण्या-मुंबईच्या मराठीत लिहिलेला ‘प्रश्नसंच’ इथं अर्ध्यावर गळतो. ‘जुलाब किती वेळा झाले?’ यापेक्षा ‘हगवण कधीपासून लागली?’ विचारलं तर लवकर उत्तर येतं. त्याची लाज वाटून घेऊ नये. तिसऱ्या वर्षाला स्वस्त खेळणी करून आणायचा एक स्वाध्याय असतो. मोज्यांच्या बाहुल्या, काडेपेटीची गाडी. वॉर्डात मात्र खरं चालणारं खेळणं म्हणजे फुगवलेला हातमोजा, त्यावर पेनानं काढलेले डोळे. आणि सुई काढलेली सिरिंज. मुलानं आधी ती बाहुलीला ‘टोचली’, की आपला हात पुढे करायला तो जरा कमी कुरकुर करतो. खेळ हा अभ्यासक्रमातला विषय आहे, वेळ घालवायचं साधन नव्हे, हे बाहेरच्या माणसाला पटवावं लागतं.

नागपूर हे शिकायला चांगलं गाव आहे, असं मी म्हणतो ते संत्र्यांमुळे नव्हे. इथं जे आजार येतात ते दिल्ली-मुंबईच्या पुस्तकात तळटिपेत असतात. मेंदूज्वर घडवणारा चांदीपुरा विषाणू नागपूरच्याच चांदीपुरा भागाच्या नावानं ओळखला जातो. १९६५ मध्ये तो इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला. वाळूमाशीतून पसरणारा हा आजार प्रामुख्यानं मुलांना गाठतो आणि काही तासांत बेशुद्धीपर्यंत नेतो. विशिष्ट औषध नाही. म्हणजे झटके आले तर मुलाला कुशीवर घेणं, तोंडातली लाळ ओढून काढणं, ताप उतरवणं, दर तासाला शुद्ध तपासणं. मूल वाचलं तर ते बऱ्याच अंशी अशा शुश्रूषेमुळे.

दुसरा आजार सिकलसेल. विदर्भातल्या अनेक समाजांत तो आहे. आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिलं लक्षण अनेकदा सहा महिन्यांनंतर दिसतं: हातापायांचे पंजे सुजतात, बाळ किंचाळतं, घरच्यांना वाटतं काहीतरी चावलं किंवा कुणाच्या हातून पडलं. पुढे हाडांत उठणारी कळ. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की ती उठते, हिवाळ्यात गारठ्यानं उठते, तापानं उठते. नागपूरला तिन्हींची कमतरता नाही. हे मूल वर्षानुवर्षं त्याच दवाखान्यात येत राहतं, आणि त्याची आई शाळेच्या दप्तरात पाण्याची बाटली का हवी, फॉलिक अॅसिड रोज का, पोटाच्या डाव्या बाजूला प्लीहा कशी चाचपायची हे नर्सकडून शिकते. या आजारासाठी झटणाऱ्या नागपूरच्या संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ते डॉक्टर नव्हते.

तिसरी गोष्ट ताजी आहे आणि तिच्याविषयी लिहिताना हात जड होतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातली, विशेषतः परासिया भागातली मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. आधी साधा सर्दी-ताप, मग लघवी बंद. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, त्यानं मूत्रपिंडं निकामी केली. वीसहून अधिक मुलं गेली. बालपरिचर्येत ‘इनटेक-आउटपुट चार्ट’ नावाचा एक कंटाळवाणा कागद असतो. किती प्यायलं, किती बाहेर पडलं. लहान मुलाची लघवी किलोमागे तासाला साधारण एक मिलिलिटर हवी. तान्ह्यांच्या लंगोटाचं आधी कोरडं आणि मग ओलं वजन करतात. एक ग्रॅम वाढला म्हणजे एक मिलिलिटर. विद्यार्थिनी हा कागद भरताना कुरकुरतात, दुपारी बसून अंदाजे आकडेही टाकतात. लघवी थांबली, हे मात्र दुसऱ्या कुठल्याही कागदाआधी त्याच कागदावर दिसतं.

इथं गडचिरोलीकडे वळायला हवं, नाहीतर पदवीचा उगाच डंका पिटल्यासारखं होईल. नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेल्या अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था उभी केली. तिथं गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून नवजात बाळं सांभाळायला शिकवलं गेलं. अक्षर न येणाऱ्या दायांसाठी श्वास मोजायचं एक साधं उपकरण बनवलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार ३९ गावांत घरोघरी दिलेल्या नवजात सेवेनं अर्भकमृत्यूंपैकी पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच वाटेनं घरोघरी जातात.

मग तेच मिनिट मोजायला चार वर्षांची पदवी कशाला? हा प्रश्न विद्यार्थिनींनी स्वतःला विचारावाच. गावातली आरोग्यदूत लाल मणी सरकला की पुढे काय करायचं हे नेमकं जाणते, आणि तिच्या उंबऱ्यावर ते पुरतं. मेडिकलच्या खाटेवर येतं ते त्यापलीकडचं मूल: ज्याला न्यूमोनिया आहे, सिकलसेलही आहे, वजन कमी आहे, शीर सापडत नाही आणि एकाच वेळी चार औषधं चालू आहेत. तिथं साठ श्वास म्हणजे काय, याचं उत्तर एक नसतं. पदवी या पुढच्या विचारासाठी आहे. मोजणं दोघींचं सारखंच, आणि ज्या पदवीधर सिस्टरला मोजण्याचा कंटाळा येतो, तिच्यापेक्षा मणी सरकवणारी दाई बाळाला जास्त उपयोगाची.

आता ती मागे ठेवलेली अडचण. चाइल्ड हेल्थ नर्सिंगचं एम.एस्सी. केलेली मुलगी पुढे कुठे जाते? बहुतेक वेळा वर्गात. दोन वर्षं नवजात विभाग, प्रबंध, रात्रपाळ्या, आणि मग ट्यूटर म्हणून फळ्यापुढे. कॉलेजांना शिक्षक हवेतच, पण खाटेशेजारी तिच्यासाठी तशा दर्जाचं आणि पगाराचं पद क्वचितच असतं. दुसरीकडे वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरांची पाळीपाळीनं बदली होते. पाच वर्षं तान्ह्यांच्या शिरा बोटांनी ओळखणारी सिस्टर एका आदेशानं अस्थिरोग विभागात जाते, आणि तिच्या जागी आलेली पुन्हा पिवळ्या कॅन्युलापासून सुरू करते. डॉक्टरांच्या बाबतीत आपण असं करत नाही. बालरोगतज्ज्ञाला सहा महिने हाडांच्या विभागात पाठवा म्हटलं तर लोक हसतील. नर्सच्या बाबतीत कुणी हसत नाही, कारण तिचं शिक्षण हे तज्ज्ञता आहे, असं आपण मनापासून मानलेलंच नाही. मुलांच्या विभागातल्या अनुभवी परिचारिकांना तिथंच राहू द्यावं आणि एम.एस्सी. झालेल्यांना खाटेशेजारी पद द्यावं. शासनाला इमारत बांधण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

तोवर ज्यांच्या घरात मुलगी किंवा मुलगा या शिक्षणाचा विचार करत असेल, त्यांना एक विनंती. कॉलेजची इमारत, बस आणि वसतिगृह बघून या, परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता तपासा, हे तर आहेच. पण प्रवेशाचे पैसे भरण्याआधी तिथल्या प्राचार्यांना विचारा, की तुमची तिसऱ्या वर्षाची मुलं बालरुग्ण विभागासाठी कुठल्या दवाखान्यात जातात, आणि तिथं रोज किती खाटा भरलेल्या असतात. उत्तरात आकडा आला नाही, तर दुसरं कॉलेज बघा.